अंगठीसाठी योग्य स्कूपची निवड

खोदावं की नाही, हा प्रश्न मानवजातीने फार पूर्वीच निकालात काढला. कशाने खोदावं हा मात्र अजून विचाराधीन आहे, आणि जिथे पुरेशी माणसं निवृत्त झालेली असतात तिथे तो कायम विचाराधीनच राहतो. फ्लोरिडातल्या विल्केट बीचवर निवृत्तांचं प्रमाण शेकडा एकाहत्तर आहे. (उरलेले एकोणतीस त्यांना रक्तदाबाची औषधं विकतात.)

डेल्मर प्रूइट या एकाहत्तरांतला. एकतीस वर्षं त्याने काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, सूचनाफलक खात्यात काढली. किनाऱ्यावरच्या फलकांची अक्षरं किती उंच असावीत, म्हणजे न वाचणाऱ्याला सबब उरणार नाही, याचं प्रमाण त्यानेच ठरवून दिलं होतं. चार इंच. निवृत्तीच्या दिवशी मुलींनी त्याला धातू शोधणारं यंत्र भेट दिलं, आणि तेव्हापासून तो रोज सकाळी वाळूवर एक थाळी फिरवतो. थाळी काठीच्या टोकाला, काठी त्याच्या हातात, आवाज त्याच्या कानात. किणकिणलं की खणायचं. अकरा वर्षांतल्या प्राप्तीची अधिकृत नोंद अशी: शीतपेयाच्या डब्यांच्या कड्या चार हजार दोनशे सहा, गळाची शिसं नऊशे, चाव्या त्र्याऐंशी (कुलपं शून्य), सोन्याचा दात एक. दाताचा मालक हयात असून त्याने तो परत घ्यायला नकार दिला आहे.

यावर्षी नऊ सप्टेंबरला सकाळी साडेआठ वाजता डेल्मरची बायको व्हर्ना गुडघाभर पाण्यात उभी असताना तिच्या बोटातून लग्नाची अंगठी गळून पडली. उन्हाळ्यातल्या आजारपणाने तिची बोटं काटकुळी झाली होती. अंगठी पन्नास वर्षांत एकदाच उतरली होती, ऑपरेशनच्या वेळी, तीही नर्सने साबण लावून. नोव्हेंबरच्या तिसऱ्या शनिवारी लग्नाला पन्नास वर्षं पूर्ण होणार होती आणि चर्चच्या हॉलमध्ये ऐंशी माणसांचं जेवण ठरलं होतं. व्हर्नाचा चेहरा पांढराफटक पडला. ती जागची हलली नाही, हे तिने फार शहाणपणाचं केलं.

डेल्मरने थाळी पाण्यात घातली. तिसऱ्याच फेरीला यंत्र किणकिणलं आणि पडद्यावर आकडा उमटला: बारा. बारा म्हणजे सोनं. (बारा म्हणजे डब्याची कडीसुद्धा, पण तो तपशील उत्साहाच्या भरात कोणी काढत नाही.) खोली: दोन इंच.

"हीच," डेल्मर म्हणाला.

"मग मी काढते की," म्हणत व्हर्ना वाकली.

"अगं, थांब. हात घालू नकोस. हलेल ती."

एवढ्यात रॉइस टिलरी पाणी तुडवत आला. रॉइस म्हणजे विल्केट बीच धातुशोधक मंडळाचा अध्यक्ष. सभासद चौसष्ट, पैकी मतदानाला पात्र चौसष्ट, पैकी गुडघे धड असलेले एकोणीस. त्याने डेल्मरच्या कमरेला लटकणारा प्लास्टिकचा स्कूप पाहिला. स्कूप म्हणजे भोकं असलेलं खोलगट फावडं. दांडा लावलेला मोठा झाराच म्हणा. वाळू गळून जाते, वस्तू उरते.

"याने? ओल्या वाळूत?" रॉइस म्हणाला. "अरे, याने नातवंडांना किल्ला करून दे. एक घाव चुकला की अंगठी फूटभर खाली गेलीच म्हणून समज."

"रॉइस, दोन इंचांवर आहे ती. मी हाताने काढते," व्हर्ना म्हणाली.

"व्हर्ना, हात हे साधन नाही," रॉइस म्हणाला, आणि त्याच्या आवाजात इतकी करुणा होती की तिने हात मागे घेतला.

मंडळाचा नियम याबाबत अत्यंत समंजस आहे. योग्य स्कूप नसलेल्या सभासदाने खणू नये. जीवरक्षकाचा मनोरा आणि हॉटेलची पाण्याची टाकी यांच्यावर नेम धरून जागेची नोंद वहीत करावी. नोंद झालेल्या जागेला दुसरा सभासद शिवणार नाही. नोंद झाली. अंगठी समुद्रात होती, पण आता रीतसर होती, आणि डेल्मरला घरी जाताना खरोखर हलकं वाटत होतं.

मग सुरू झाला अभ्यास. सामान्य माणूस दुकानात जातो, फावडं उचलतो आणि घरी येतो, म्हणूनच तो सामान्य राहतो. डेल्मरने दोनशे पानी वही केली. मोठ्या भोकांच्या स्कूपमधून वाळू झटकन पडते, पण बारीक अंगठीही पडते. लहान भोकांच्या स्कूपमधून अंगठी पडत नाही, पण मग काहीच पडत नाही आणि माणूस अर्धा मण वाळू हातात धरून समुद्रात उभा राहतो. लाकडी दांडा तरंगतो. (त्याला जोडलेलं पोलाद तरंगत नाही, म्हणून दोन्ही एकत्र बुडतात.) कार्बनचा दांडा वजनाला हलका, आणि मोडल्यावर आणखी हलका. पोलादी स्कूप यंत्राजवळ आणला की यंत्र आधी त्याचाच शोध लावतं. मंडळाचे माजी खजिनदार एकदा चाळीस मिनिटं स्वतःच्याच स्कूपभोवती खणत होते आणि दर वेळी आकडा अधिकाधिक आशादायक येत होता.

सर्वांत बिकट प्रश्न भोकांच्या आकाराचा. गोल की षट्कोनी? या प्रश्नावर मंडळात दोन तट आहेत आणि शुक्रवारच्या न्याहारीला ते वेगवेगळ्या टेबलांवर बसतात. धुरी दिलेल्या माशाचं तोंडीलावणं गोलवाल्यांच्या टेबलावरच राहतं आणि षट्कोनीवाले बिस्किटं कोरडी खातात. डेल्मर एक शुक्रवार इकडे, एक शुक्रवार तिकडे बसला आणि दोन्हीकडचं त्याला पटलं.

एका संध्याकाळी तो स्वयंपाकघरात आला, व्हर्नाचा डावा हात हातात घेतला आणि तिच्या बोटाभोवती दोरा गुंडाळून माप घेतलं. व्हर्नाला वाटलं, नवी करतोय. तिने मुकाट्याने दुसऱ्या हाताने केस सारखे केले. पन्नास वर्षांपूर्वीही त्याने असंच माप घेतलं होतं. डेल्मर भोकाचा व्यास काढत होता. नऊ मिलिमीटर, असं त्याने वहीत लिहिलं आणि दोरा कचऱ्यात टाकला.

ऑक्टोबरभर तो रोज किनाऱ्यावर जाऊन इतरांचे स्कूप कोरड्या वाळूत चालवून बघत असे. वाटेवर काउंटीने एक नवा फलक लावला होता. डेल्मर पहिल्याच दिवशी त्यापुढे थांबला, खिशातली टेप काढली आणि अक्षरं मोजली. चार इंच. त्याने समाधानाने मान हलवली. फलक त्याने वाचला नाही, तपासला. आयुष्यभर त्याने हेच काम केलं होतं आणि त्यात त्याची एकही चूक निघाली नव्हती.

फलकावर लिहिलं होतं की लाटांनी खाल्लेला किनारा भरून काढण्यासाठी चार नोव्हेंबरपासून समुद्रतळाची वाळू उपसून मनोऱ्याच्या दोन्ही बाजूंना टाकण्यात येईल. हे इथे दर सात वर्षांनी होतं. समुद्र वाळू नेतो, काउंटी आणते, आणि दोघांपैकी कोणीही कंटाळत नाही.

दोन नोव्हेंबरला डेल्मरचा निर्णय झाला आणि त्याने मागणी नोंदवली. पार्सल सहीशिवाय मिळणार नव्हतं. म्हणून तो अकरा दिवस सकाळी आठ ते संध्याकाळी सहा व्हरांड्यात बसून राहिला. व्हर्ना त्याला चहा आणून देई आणि विचारी, "कुठवर आलाय रे?"

"जॉर्जियापर्यंत," तो सांगे.

मंडळाला वाळूचं माहीत होतं. परंतु डेल्मरने मंडळाकडे फक्त स्कूपबाबत सल्ला मागितला होता, आणि न मागितलेला सल्ला देणं नियमावलीत बसत नाही.

तेरा तारखेला स्कूप आला. चौदाला सकाळी डेल्मर, व्हर्ना, रॉइस आणि दोन्ही टेबलांचे मिळून तीसेक सभासद किनाऱ्यावर गेले. समुद्र जागेवर नव्हता. तो दीडशे फूट मागे सरकला होता आणि मध्ये करड्या रंगाचं, नवंकोरं मैदान पसरलं होतं. डेल्मरने मनोरा धरला, टाकी धरली, आणि नेमका त्या जागी जाऊन उभा राहिला. नोंदीत इंचाचीही चूक नव्हती. अंगठी त्याच्या पायांखाली होती. मध्ये फक्त सात फूट वाळू होती, आणि यंत्राला फूटभराच्या खालचं ऐकू येत नाही.

मग रॉइस हळूच म्हणाला, "आणलाच आहेस, तर चालवून तरी बघ."

डेल्मरने चालवला. पातं लोण्यात जावं तसं गेलं. त्याने स्कूप उचलला, एक हिसका दिला आणि सगळी वाळू गळून गेली. टाळ्या पडल्या. दोन्ही टेबलांनी वाजवल्या, असं मंडळाच्या इतिहासात प्रथमच घडलं.

टाळ्या थांबल्यावर व्हर्ना म्हणाली, "डेल्मर, त्या दिवशी ती माझ्या पायाला लागत होती."

"काय?"

"अंगठी. अंगठ्याखाली होती. म्हणून तर हलले नाही मी. नुसतं वाकायचं होतं रे."

डेल्मरला तो दोरा आठवला, तिने सारखे केलेले केस आठवले, आणि आपण काय करून बसलो हे त्याला एका क्षणात लख्ख कळलं. तो क्षण साधारण चार सेकंद टिकला. मग रॉइसने घड्याळ बघत विचारलं, "वाळू गळायला किती लागले, चार की साडेचार?" आणि डेल्मर म्हणाला, "पुन्हा मोजू."

व्हर्ना एकटीच घरी गेली. तिसऱ्या शनिवारचं जेवण व्यवस्थित पार पडलं. डेल्मरने स्कूपच्या निवडीवर पंचवीस मिनिटं भाषण केलं. ते लोकांना इतकं आवडलं की शेवटचा गोड पदार्थ, लिंबाचा ‘पाय’, वाढायला उशीर झाला.

ही हकिगत आजवर ज्यांना ज्यांना सांगितली, त्या सर्वांनी डेल्मरला मूर्ख ठरवलं आणि लगेच विचारलं, भोकं शेवटी गोल घेतली की षट्कोनी? त्या शनिवारी व्हर्नाच्या बोटात काय होतं, हे अद्याप एकानेही विचारलेलं नाही. तिने डावा हात जेवणभर मांडीवरच्या रुमालाखाली ठेवला होता. आपणही मगापासून ताटकळला आहात, तेव्हा सांगून टाकतो. षट्कोनी.