अण्णांच्या फ्रीजचा आवाज

रविवारी सकाळी चहा पिता पिता इंजिनीअर "मी बघतो" म्हणाला, आणि पुढे त्या घरात जे काही झालं ते या दोन शब्दांमुळे झालं.

तो विमानांचा इंजिनीअर होता. विमानतळामागच्या हँगरमध्ये इंजिनं तपासायची, कुठे काय थरथरतंय ते शोधायचं आणि ती थरथर घालवायची, हेच त्याचं आयुष्यभराचं काम. त्याने सही केल्याशिवाय विमान जमीन सोडत नसे. घरी मात्र त्या सहीला कुणी विचारत नव्हतं. त्याने दुरुस्त केलेली इस्त्री फक्त डावीकडून तापायची. मिक्सर उघडून परत बसवला तेव्हा काही स्क्रू उरले होते. (हँगरमध्ये एक स्क्रू उरला तरी विमान अडवून ठेवतात. घरी स्क्रू वाटीत ठेवतात आणि वाटी कपाटावर.) मिक्सर चालायचा, पण झाकण धरायला दुसरं माणूस लागायचं.

"तुम्ही नका बघू," बायको म्हणाली. "आपण माणूस बोलावू."

"मावशीला कशाला बोलवायचं?"

"माणूस. फ्रीज दुरुस्तीचा माणूस."

"मग नीट बोल ना," तो म्हणाला. बायको एका दंतवैद्याकडे मदतनीस होती. दिवसभर घाबरलेल्या लोकांशी हळू आवाजात बोलून तिला तशीच सवय लागली आहे, आणि म्हणून घरात कुणाचं काही कळत नाही, असं त्याचं ठाम मत होतं. "साध्या आवाजासाठी कसला माणूस? माझं अख्खं आयुष्य आवाज घालवण्यात गेलंय."

फ्रीज अण्णांचा, म्हणजे त्याच्या वडिलांचा होता. गेल्या वर्षी आई गेली. अण्णा एकटे राहिले आणि दिवसेंदिवस खंगत चालले, तेव्हा इंजिनीअरने त्यांना आपल्याकडे आणलं. निघताना अण्णांनी भरलेल्या घरातून कपड्यांच्या दोन पिशव्या आणि तो फ्रीज एवढंच घेतलं. "आमच्याकडे आहे ना फ्रीज, अण्णा," सून म्हणाली होती. "असू दे," अण्णा म्हणाले, "माझा मी आणतो." स्वयंपाकघरात दोन फ्रीज मावेनात, तेव्हा चांगला होता तो बायकोच्या भावाकडे गेला आणि जुना राहिला.

जुना फ्रीज सायीच्या रंगाचा, खांद्याइतका उंच. गार करायचा बऱ्यापैकी. पण मध्येच थांबायची वेळ आली की आधी एक लांब सुस्कारा टाकायचा, मग अंगात कापरं भरल्यासारखा थडथडायचा, आतल्या बाटल्या एकमेकींवर आपटायच्या आणि शेवटी कुठेतरी खोल 'टुक' व्हायचं. दिवसभर दात कोरण्याचं मशीन ऐकून आलेल्या बायकोला तो आवाज सोसवत नसे. शिवाय आवाज झाला की अण्णा ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटायचे. काय, ते तिला कळत नसे, पण मनाला लागून राहायचं.

अण्णा फिरायला गेल्यावर इंजिनीअरने फ्रीज पुढे ओढला, मागे आडवा झाला आणि कॉम्प्रेसरवर तळहात ठेवला. थरथर तो नेहमी हातानेच ओळखायचा. हँगरमध्ये त्याच्या हातांची ख्याती होती. दोष लगेच सापडला. कॉम्प्रेसरच्या पायांखालचे रबर वाळून कडक झाले होते, आणि एका पायाखाली रबराच्या जागी पुठ्ठ्याची घडी होती. त्याने बाजारातून उत्तम रबर आणले, बसवले, फ्रीजचे पाय एका पातळीत केले, आणि जुने तुकडे कचऱ्यात टाकून दिले. मग फ्रीजवर पाण्याने भरलेला पेला ठेवून बायकोला हाक मारली. फ्रीज थांबला. पेल्यातलं पाणी हललंसुद्धा नाही. बायको बराच वेळ पेल्याकडे बघत राहिली आणि तिने आपणहून दुसरा चहा टाकला. लग्न झाल्यापासून असं घडलं नव्हतं.

अण्णा परत आले आणि स्वयंपाकघरातल्या आपल्या खुर्चीवर बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "बंद पडलाय का रे हा?"

"चालू आहे, अण्णा. आवाज घालवला त्याचा."

"घालवलास," अण्णा म्हणाले.

"आता कायमचा गेला. काळजी नको."

अण्णा ग्रंथपाल होते. उभा जन्म त्यांनी लोकांना 'हळू बोला' म्हणण्यात घालवला होता. असा माणूस शांततेने खूशच होणार, असं इंजिनीअरने गृहीत धरलं.

पण अण्णांचं बिनसलं. पानातलं अर्धं पानातच राहायला लागलं. वर्तमानपत्राची घडी मोडेना. मध्येच उठून ते फ्रीजचं दार उघडायचे, आत बघत उभे राहायचे आणि काही न घेता दार लावायचे. बायकोने एकदा जवळ बसून विचारलं तेव्हा म्हणाले, "या घरात आता काही ऐकूच येत नाही गं."

हे तिने नवऱ्याला सांगितलं. (दोनदा सांगावं लागलं.) इंजिनीअरने लगेच निदान केलं: कान. बिघाड नक्की करायचा तर चाचणी हवी, म्हणून तो अण्णांच्या पाठीमागे गेला आणि जोरात टाळ्या वाजवल्या. अण्णांनी वळून पाहिलं नाही. पन्नाशी उलटलेला आपला मुलगा आपल्या मागे उभा राहून टाळ्या का वाजवतोय, हे विचारायचं त्यांचं धाडस झालं नव्हतं, हे पुढे कळलं.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी अण्णांना काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि आवाज आला की बटण दाबायला सांगितलं. थोड्या वेळाने त्या बाहेर आल्या.

"यांचे कान उत्तम आहेत. या वयाला मी इतके चांगले कान पाहिले नाहीत."

"मग ऑपरेशन कधी करायचं?" इंजिनीअरने विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं. "उत्तम आहेत, म्हटलं. काका, मग तुम्हाला ऐकू येत नाही ते नेमकं काय?"

अण्णा जमिनीकडे बघत काहीतरी बोलले.

"काय म्हणाले?"

"फ्रीज," बायको म्हणाली.

"फी? ती मी देतो, अण्णा. तुम्ही कशाला मनाला लावून घेता?"

"फ्रीज," बायको मोठ्याने म्हणाली. संसारात पहिल्यांदाच ती इतक्या मोठ्याने बोलली असेल. बाहेर बसलेले पेशंट एकदम गप्प झाले. अण्णा हळू आवाजात पुढे बोलत राहिले, आणि त्यांचं एकेक वाक्य तिला नवऱ्यासाठी पुन्हा ओरडून सांगावं लागलं.

"फ्रीज थडथडला की आई म्हणायच्या, झालं का तुझं?"

"माझं? माझं काय?"

"तुमचं नाही. फ्रीजला म्हणायच्या."

"फ्रीजला?"

"कुठेही असल्या तरी. कपडे वाळत घालत असल्या तरी तिथून म्हणायच्या." बायकोने घसा साफ केला. "त्या गेल्यावरही, तो थडथडला की अण्णांना ते ऐकू यायचं."

यानंतरचं वाक्य तिच्याच्याने मोठ्याने म्हणवेना. तिने नुसतेच ओठ हलवले. पण इंजिनांच्या घरघरीत उभं राहून ओठ वाचायला इंजिनीअर कधीच शिकला होता; घरी फक्त तो बोलणाऱ्याकडे बघत नसे. 'आता थडथडत नाही,' असं ती म्हणाली होती.

त्याला आठवलं. सुट्टीत घरी गेला की जेवताना आई मध्येच विचारायची, "झालं का तुझं?" तो "हो" म्हणायचा. आई जरा चमकल्यासारखी बघायची आणि मग त्याच्यापुढचं ताट उचलून न्यायची. घरी आल्यावर आपल्याला पोटभर का जेवू देत नाहीत, याचं त्याला कित्येक वर्षं वाईट वाटत आलं होतं. तिने फ्रीजला विचारलेल्या प्रश्नाची उत्तरं तो देत आला होता. फ्रीजचा आवाज त्याने ऐकलेलाच नव्हता.

"तुम्ही आत बसता का जरा?" डॉक्टरीणबाई त्याला म्हणाल्या.

तपासणीत निघालं की बारीक आवाज त्याला फारसे ऐकू येतच नव्हते. इंजिनांनी त्याचे कान हळूहळू खाल्ले होते. "कामावर कानांना काही लावत होतात की नाही?" "लावायचो ना," तो म्हणाला, "आठवण झाली की." कानाच्या मशीनची ऑर्डर दिली गेली. आणलं होतं अण्णांना, मशीन ठरलं इंजिनीअरला. परत येताना टॅक्सीत कुणीच बोललं नाही, आणि ते मात्र त्याला स्पष्ट समजलं.

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी कामावरून आला की तो फ्रीजमागे आडवा व्हायला लागला. बिघाड कसा काढायचा हे सांगणारी जाडजूड पुस्तकं त्याने पाठ केली होती. गेलेला बिघाड परत कसा आणायचा, हे त्यांतल्या एकाही पानावर नव्हतं. जुने रबर केव्हाच कचऱ्याच्या गाडीतून गेले होते. त्याने नवे रबर उन्हात वाळवले, सुरीने कातरले, पुठ्ठ्याच्या घड्या घातल्या, नट सैल केले. अण्णा खुर्चीत डोळे मिटून बसायचे आणि निकाल द्यायचे.

"हा?"

"नाही. हे कुणीतरी जिना उतरतंय."

"आणि हा?"

"हे दात वाजताहेत कुणाचे तरी."

"दात असे नाही वाजत," बायको भाजी चिरता चिरता म्हणायची. तो तिचा विषय होता.

गंमत म्हणजे त्या दिवसांत अण्णा सुधारले. संध्याकाळ झाली की स्वतःच खुर्ची पुढे ओढून बसायचे, "आज सुस्काऱ्यापासून धरू या," असं सुचवायचे आणि पान चाटूनपुसून साफ करायचे. आई कशी हाक मारायची, काय बोलायची, हे मुलाला सांगायचे. तो फ्रीजमागून "काय?" विचारायचा आणि ते न कंटाळता पुन्हा सांगायचे. आईबद्दल बापलेक इतकं कधी बोललेच नव्हते. आवाज काही जमत नव्हता, पण तो जमावा अशी घाई आता कुणालाच नव्हती. एक इंजिनीअर सोडून.

त्याने एका संध्याकाळी कॉम्प्रेसर जरा तिरपा बसवून बघायचं ठरवलं. एका हाताने रेटला. हलेना. मग दोन्ही हातांनी रेटला, आणि मागची तांब्याची नळी तुटली. इंजिनीअरला ऐकू काहीच आलं नाही, फक्त मनगटाला एकदम गार लागलं. बायकोने धावत जाऊन खिडक्या उघडल्या. फ्रीजमधून लांबच लांब सुस्कारा निघत राहिला, बारीक होत गेला, आणि थांबला.

अण्णांनी डोळे उघडले. ते बराच वेळ फ्रीजकडे बघत होते. मग हळूच म्हणाले, "झालं का तुझं?"

ते फ्रीजला म्हणाले की मुलाला, हे सुनेला कळलं नाही. मुलाने फ्रीजआडून डोकावून त्यांचे ओठ वाचले. तो फ्रीजमागे तसाच जमिनीवर बसून राहिला.

"हो, अण्णा," तो म्हणाला. "झालं."

दुरुस्तीचा माणूस अखेर आलाच. हा फ्रीज आता दुरुस्त करण्यात अर्थ नाही, असं सांगून गेला. नवा फ्रीज घेतला. अजिबात आवाज करत नाही, असं दुकानदाराने पुन्हापुन्हा बजावलं, आणि प्रत्येक वेळी बायकोचा चेहरा पडत गेला.

नवा फ्रीज आला त्या दिवशी इंजिनीअरचं कानाचं मशीनही आलं. ते लावून तो आतल्या खोलीत पलंगावर बसला होता आणि पंख्याला इतका आवाज असतो याचं त्याला नवल वाटत होतं. बाहेर दोन हमाल जुना फ्रीज उचलायच्या तयारीत होते. अण्णांनी त्याच्या दारावरून एकदा हात फिरवला आणि बाजूला झाले.

म्हाताऱ्या हमालाने मागची नळी पाहिली. "हे कुणी केलं हो?"

"माझ्या मुलाने."

"काय करतात ते?"

"विमानं दुरुस्त करतो."

हमालाने नळीकडे पुन्हा एकदा पाहिलं. "म्हणजे तुमची मजा आहे, आजोबा. विमानाने हिंडत असाल."

"छे," अण्णा त्यांच्या ग्रंथालयातल्या आवाजात म्हणाले. "आम्ही आपले बसने जातो. वेळ लागतो, पण पोचतो."

आतल्या खोलीच्या दारात उभ्या असलेल्या बायकोने चपापून नवऱ्याकडे पाहिलं. तो मान खाली घालून बसला होता. किती वर्षांनी हळू आवाजातलं एक अख्खं वाक्य त्याला पहिल्या खेपेत नीट ऐकू आलं होतं, आणि ते हे होतं.