दुसऱ्याच्या पोराचं सांगा की

घोरपडेकाकूंच्या घरात स्वतःच्या मुलाबद्दल बोललं, की पळी वाजते. आमटीची, चांगली जाडजूड पितळी पळी. ती टेबलावर आपटून काकू म्हणतात, "सोताच्या पोराचं नको. दुसऱ्याच्या पोराचं सांगा की." माणूस अर्ध्या वाक्यात थांबतो. मी थांबलोय. एका मेजरसाहेबांच्या बायको तर ऐन हुंदक्यात थांबल्यात.

काकू मूळच्या कोल्हापूरच्या. यजमान फौजेत सुभेदार होते. निवृत्तीनंतर त्यांनी मनीमाजऱ्यात घर घेतलं आणि काही वर्षांनी ते गेले. काकू इथंच राहिल्या. चंदीगडचं हवापाणी त्यांनी मानवून घेतलं, हिंदी मात्र पंचगंगेच्या पलीकडे येऊ दिली नाही.

आमची गाठ पडली ती शाळेच्या फाटकाशी. माझी इरा पाचवीत आहे. पानावरची अक्षरं तिच्यासमोर जागेवर बसत नाहीत. शाळेत अशा मुलांसाठी एक वेगळी खोली होती आणि वीणामॅडम नावाच्या विशेष शिक्षिका होत्या. व्यवस्थापनाने ठरवलं, की त्या खोलीत कॉम्प्युटर लॅब करायची आणि मॅडमना निरोप द्यायचा. मग आम्ही पालकांनी जे करायचं ते केलं, म्हणजे तीन वेगवेगळे गट पाडले. ऐकू न येणाऱ्या मुलांचे पालक एकीकडे, ऑटिझमवाल्या मुलांचे दुसरीकडे, आणि वाचता न येणाऱ्यांचे आम्ही तिसरीकडे. शिक्षण खात्यातल्या साहेबांनी तिन्ही गटांना स्वतंत्र बोलावलं, उत्तम चहा पाजला आणि प्रत्येकाच्या कानात सांगितलं, की तुमचं काम झालंच असतं, पण बाकीचे दोघे आडवे येतायत. आमचा एकमेकांवर विश्वास नव्हता. साहेबांवर लगेच बसला.

त्या संध्याकाळी फाटकाशी आमचं कडाक्याचं भांडण चाललं होतं. तेवढ्यात छत्री टेकत एक ठेंगणी बाई मध्ये घुसली. "वो साब तुमको अलग अलग चाय पिलाता है, और अलग अलग घर भेजता है. रविवार को मेरे घर आव. एक साथ पियो." एवढं बोलून ती चालू लागली. ही कुणाची तरी आजी असणार, असं प्रत्येकाने गृहीत धरलं आणि रविवारी आम्ही मुकाट तिच्या घरी हजर झालो.

पहिल्या रविवारी मिसळ होती. आधी गरम खायचं, मग बोलायचं, हा काकूंचा दुसरा कायदा. गाड्यांच्या स्पेअर पार्टचं दुकान चालवणारा बलविंदर सिंग कुलच्याबरोबर मिसळ खात, पगडीखालचा घाम टिपत म्हणाला, "आंटीजी, ये नाश्ता है या सज़ा?"

"खावा बलविंदरराव. रडायचं ते इथंच रडून घ्या. साबासमोर नको."

मग पळी वाजली आणि नियम आला. प्रत्येकाने रविवारची दुपार दुसऱ्याच्या मुलाबरोबर घालवायची आणि बोलायचं ते त्याच मुलाबद्दल. मी कारण विचारलं, तर म्हणाल्या, "आपल्या पोराचं बोलायला लागलं की आईबाप रडतंय, न्हाईतर भांडतंय. वर तडजोड करून मोकळं हुतंय. दुसऱ्याच्या पोराचा सौदा करायला जीभ रेटत न्हाई."

झालं. बलविंदरकडे मेजरीणबाईंचा आरव आला. मेजरीणबाई, म्हणजे सौ. पाटणकर, इराला घेऊन बसू लागल्या. माझ्या वाट्याला बलविंदरचा गुरनूर आला. त्याला ऐकू येत नाही. त्याने मला खुणांची भाषा शिकवायला घेतली. मी 'पाणी दे' म्हणायला गेलो की तो पोट धरून हसायचा. मी नेमकं काय म्हणत होतो ते त्याने आजवर सांगितलेलं नाही.

काकूंच्या बैठकीत एक खुर्ची नेहमी जास्त असायची, आतल्या खोलीच्या पडद्यालगत. तिच्यावर बसायला गेलं की पळी उठायची. सुभेदारसाहेबांची असेल, असं मनाशी ठरवून आम्ही तिच्यापासून लांब बसायचो.

शेवटी साहेबांनी सगळ्यांना एकत्र भेट दिली. त्याच दिवशी निर्णय व्हायचा होता. आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो होतो, तेवढ्यात एका कारकुनाने बलविंदरला बाजूला नेलं. खांबाआड काहीतरी कुजबुज झाली. बलविंदर परत आला तो दाढीवरून हात फिरवत, आमच्याकडे न बघता. मेजरीणबाईंनी माझा दंड घट्ट धरला. खांबाआडून जे कानावर पडलं होतं, त्यावरून काय ते कळलं. ऐकू न येणाऱ्या मुलांसाठी मॅडम राहतील, फक्त त्याने गप्प बसायचं. इरा आणि आरवची रवानगी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत.

मी काकूंच्या कानाला लागलो. त्या म्हणाल्या, "माहीत हाय. बसा गप."

आत गेल्यावर साहेबांनी खुर्ची सरळ बलविंदरकडे वळवली. "सरदारजी, आप अपने बच्चे की बात कीजिए."

बलविंदर उभा राहिला. वर पंखा करकरत होता. काकूंनी पिशवीत हात घातला. पळी आणलीय की काय, म्हणून मी पिशवीत डोकावलो.

"जी, मैं तो आरव की बात करने आया हूँ," बलविंदर म्हणाला.

आणि तो बोलत सुटला. शाळेची घंटा झाली की आरव कान झाकून जिन्याखाली जाऊन बसतो. वीणामॅडम त्याच्याशेजारी जमिनीवर बसतात, एक शब्द न बोलता. मग तो स्वतःच उठतो आणि त्या खोलीत जातो. दुसऱ्या शाळेत त्याला जिन्याखालून कोण उठवणार?

पाठोपाठ मेजरीणबाई इराबद्दल बोलल्या आणि मी गुरनूरबद्दल. साहेब वैतागले. इथं कुणाला काही देऊन फोडावं, तर जो तो दुसऱ्याचंच मागत होता. शेवटी ते काकूंकडे वळले. "माताजी, आपका बच्चा कौनसी क्लास में है?"

"उसका क्लास नहीं है."

"तो फिर आप किस नाते से आई हैं?"

काकूंनी तोंड उघडलं आणि मिटलं. नियम त्यांचाच होता. त्यांनी आमच्याकडे बघितलं. काकूंना घाबरलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो. एवढ्या रविवारांत त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं.

बलविंदर पुन्हा उभा राहिला. "जी, इनकी बेटी है. मंदा. चालीस की होगी. एक इतवार बैठक से पहले इनको घर छोड़ने गया था, तब देखा. हम जिन कुर्सियों पे बैठते हैं ना, वो लगाती है. फिर एक अपनी लगाती है और अंदर चली जाती है. उसके टाइम पे ऐसा कमरा नहीं था, साब. कोई स्कूल ही नहीं था."

साहेबांनी बराच वेळ कागद चाळले. मग खोली आणि मॅडम आहेत तशाच राहतील, असा शेरा मारून खाली सही केली. बाहेर आल्यावर काकू एवढंच म्हणाल्या, "रविवारी या. मिसळ हाय."

रविवारी आम्ही गेलो. वाट्या भरल्या गेल्या. काकूंनी पळीसाठी हात पुढे केला, तर ती बलविंदरच्या मांडीवर होती.

"आज रूल बंद, आंटीजी. आज आप अपनी बेटी की बात करो."

साहेबाला न बधलेली ती बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "कुठनं सुरू करू?" त्यांनी मला विचारलं, मराठीत, अगदी हळू.

पडद्यालगतच्या खुर्चीकडे बघत मी म्हटलं, "मिसळ आवडते का तिला? इथनं करा."

"मिसळ न्हाई," काकू म्हणाल्या. "गूळ आवडतो. लहान हुती तवा..."

आणि त्या बोलतच राहिल्या. मध्येच पडदा हलला. कुणी तिकडे बघितलं नाही. मिसळ गार झाली. त्या घरात पहिल्यांदाच.