तक्त्यातली शेवटची ओळ

बाबा डोळ्यांच्या तपासणीत पास होऊन घरी आले आणि ओळंब्याचा घास हातातच राहिला.

खरं तर बातमी आनंदाची होती. बाबा शहर बससेवेत ड्रायव्हर. वर्षभर त्यांना लांबचं धड दिसत नव्हतं, तरी "डोळे ठणठणीत आहेत" हा हेका काही सुटत नव्हता. तपासणीत नापास झाले तर बस हातातून जाणार आणि बाबा दिवसभर घरात बसून आपल्याला स्वयंपाक शिकवणार, या काळजीने आईची झोप उडाली होती.

"शेवटची ओळ घडाघडा म्हटली," बाबा म्हणाले. "डॉक्टरबाई बघतच राहिल्या. नवा तक्ता लावलाय त्यांनी."

तो नवा तक्ता ओळंब्याने बनवला होता. तो छापखान्यात डिझाइनर होता. ताट, वाटी आणि पेला एका रेषेत आल्याशिवाय त्याला जेवण जात नसे, म्हणून बाबांनीच गवंड्याच्या ओळंब्यावरून हे नाव ठेवलं होतं. आता तो वाटी सरळ करायचंही विसरला. कालच गॅलरीत वाळत घातलेल्या शर्टाला बाबांनी "या, बसा" म्हटलं होतं. अशा माणसाला शेवटची ओळ दिसली, तर डोळ्यांचा चमत्कार झाला असेल किंवा तक्त्याचा. चमत्कारांवर ओळंब्याचा विश्वास नव्हता.

दुसऱ्या दिवशी छापखान्यात त्याने चोरासारखी इकडेतिकडे पाहत फाइल उघडली. डॉक्टरबाईंनी प्रत्येक ओळीच्या अक्षरांची उंची ठरवून दिली होती. त्या मापाने त्याने पडद्यावर निळ्या गाइडलाइन आखल्या होत्या. या रेषा फक्त पडद्यावर दिसतात, छापल्या जात नाहीत. अक्षर ओढत न्यायचं, ते रेषेला आपोआप चिकटतं. रेषा अगदी बिनचूक होत्या. पण मागे चौकटींची ग्रिडही चालू राहिली होती, आणि अक्षरं त्याच्या निळ्या रेषा ओलांडून वरच्या ग्रिडला जाऊन चिकटली होती. अक्षर चिकटलं एवढं त्याने पाहिलं, कशाला चिकटलं ते पाहिलं नाही. शेवटच्या ओळीतली अक्षरं ठरल्यापेक्षा जवळजवळ दीडपट मोठी झाली होती.

ओळंब्याने घाईघाईने फाइल बंद केली. मालकांना कळलं तर नोकरी जाणार होती. नाही कळलं तर काय होईल, याचा विचार त्याने बसथांब्यावर केला आणि तो घरी चालत आला.

संध्याकाळी त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, की डेपोतल्या बाकीच्यांचं काय झालं. सगळे पास झाले होते. बाबा सगळ्यांत शेवटी गेले होते. चाचपडेसुद्धा पास झाला होता. हे काही त्याचं आडनाव नव्हतं. बसमध्ये चढताना तो आधी दार हाताने शोधायचा, म्हणून पडलेलं नाव होतं.

म्हणजे शहरातली प्रत्येक बस ओळंब्याच्या चुकीवर धावत होती. एवढ्यात आई आतून म्हणाली, की सकाळी मावशीकडे जायचंय, बाबांच्याच गाडीने जाईन, पुढची सीट मिळते.

ओळंब्याने चपला घातल्या आणि तो तडक दवाखान्यात गेला.

डॉक्टरबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्या ओरडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. "आठवडाभर एकालाही चष्मा लागला नाही," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, शहराची तब्येत सुधारली." मग त्यांनी डेपोत फोन केला आणि फेरतपासणीशिवाय एकही ड्रायव्हर गाडीवर जाणार नाही, असं बजावलं. पहिला नंबर बाबांचा होता, भल्या सकाळी.

ओळंब्याने जुन्या फाइलला हातही लावला नाही. कोरं पान घेतलं, ग्रिड बंद केली, अक्षरंसुद्धा नवी निवडली आणि एकेका अक्षराची उंची मोजून तक्ता पुन्हा बनवला. सकाळी तो भिंतीवर लावला आणि बाबा आले तेव्हा तो कपाटाला चिकटून उभा राहिला.

"तू इथे काय करतोस रे?" बाबांनी विचारलं.

"तक्ता द्यायला आलो होतो," तो कसाबसा म्हणाला.

बाबांनी छाती पुढे काढली आणि एक डोळा तळहाताने झाकला. डॉक्टरबाईंनी शेवटची ओळ वाचायला सांगितली.

"ट, ग, म, प, र."

कुठे अडखळणं नाही, डोळे बारीक करणं नाही. ओळंब्याला भरून आलं. बाबांची नजर खरंच चांगली होती, आपण उगाच शंका घेतली. त्याने कौतुकाने तक्त्याकडे पाहिलं. तक्त्यावर न, ल, व, क, थ होतं.

"दुसरा डोळा झाका," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"ट, ग, म, प, र."

"आता दोन्ही झाका."

बाबांनी आज्ञाधारकपणे दोन्ही डोळे झाकले आणि म्हणाले, "ट, ग..." मग ते थांबले. हात काही त्यांनी लगेच खाली घेतले नाहीत.

"अख्ख्या डेपोने पाठ केलीय, बाई," बाबा हातांच्या आडूनच म्हणाले. "पहिला तपासायला आला त्याने जवळ जाऊन वाचून आणली. चाचपडेला तर पाठ व्हायला चार दिवस लागले."

"पण कशासाठी?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"चष्मा लागला की बस जाते. बस गेली की मी काय करू?" बाबांचा आवाज बारीक झाला होता. इतकी वर्षं रोज घरात गरजणारा माणूस मनातून एवढा घाबरलेला असेल, हे ओळंब्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

"कुणी सांगितलं तुम्हाला? चष्मा लावा आणि चालवा की बस."

"चालतं?" बाबांनी हात खाली घेतले.

डॉक्टरबाईंनी त्यांच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवली आणि एकेक काच बदलत गेल्या. ओळंबा सुटकेचा श्वास सोडत होता. त्याच्या चुकीमुळे कुणीच पास झालं नव्हतं. त्याचा तक्ता लांबून कुणी वाचलाच नव्हता. एका काचेवर बाबा पुढे झुकले. त्यांनी बराच वेळ तक्ता न्याहाळला.

"न, ल, व, क, थ," त्यांनी सावकाश वाचलं. मग मान जराशी कलती केली. "पण बाई, ही ओळ वरच्या ओळीपेक्षा डावीकडे सरकलीय. कुणी केलंय हो हे काम?"

डॉक्टरबाईंनी ड्रॉवर उघडून मोजपट्टी बाहेर काढली.