मागच्या दाराच्या डॉक्टरबाई

गेल्या मंगळवारी दुपारी तीन वाजता सुलभामावशींना किल्ल्याच्या गाईडपदावरून काढलं. गुन्हा काय, तर त्या भुताला दार उघडतात.

गुन्हा त्यांना कबूल आहे. माझं भांडण शिक्षेशी आहे.

मावशी मूळच्या साताऱ्याच्या. उत्तर आयर्लंडमधल्या आमच्या गावच्या हॉस्पिटलात त्यांनी जन्मभर पेशंटना भूल दिली आणि रिटायर झाल्यावर समुद्रकाठच्या मध्ययुगीन किल्ल्यात फुकट गाईड झाल्या. इतिहास त्या केस घेतल्यासारखा सांगतात. "नॉर्मन सरदारानं बांधला. मग भाऊबंदकी. ही झाली फॅमिली हिस्टरी. आता मेन कंप्लेंट," असं म्हणत सगळ्यांना मागच्या दाराशी नेतात.

तिकीटखिडकी माझ्याकडे असते, त्यामुळे हे दार मी रोज बघते. तरी तिथे एकटी थांबत नाही. पुरुषभर जाड भिंत, खाली काळं पाणी. वेढा पडला होता तेव्हा या दारातून एका दासीला पाणी आणायला पाठवलं आणि शत्रू दिसताच आतून अडसर घातला. ती अजून ठोठावते म्हणतात. वारा पडलेला असतानाही ठक, ठक. मी कशावरही विश्वास न ठेवणारी मुलगी आहे, आणि मी ते ऐकलंय.

पाहुणे किंचाळतात. मावशी डाफरतात, "ओरडताय काय? पेशंट बाहेर ताटकळतोय!" मग अडसर काढतात, डोक्यावरची लोकरी टोपी सारखी करतात आणि चक्क मराठीत म्हणतात, "ये गं बाई, आत ये." गार वारा आत घुसतो. सहा-सहा फुटी माणसं मुकाट बाजूला सरून वाट देतात.

नव्या मॅनेजरला हेच खुपलं. त्याला ऑक्टोबरात, हॅलोविनच्या भुताटकीसाठी, दाराबाहेर रक्त फासलेली नटी उभी करायचीय. "डॉक्टर, दार बंद असेल तरच लोक घाबरतात."

"लोकांना खुशाल घाबरवा. तिला का बाहेर ठेवता?"

त्याने दाराला कुलूप घातलं आणि मावशींचा बॅज काढून घेतला.

मी बसस्टॉपपर्यंत त्यांच्यामागे धावले. "मावशी, गप्प काय बसता? पत्रकं छापू! कौन्सिलला धडक मारू!"

त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"करोनाच्या साथीत आमचे हे गेले ना, तेव्हा वॉर्डाचं दार मला उघडलं नाही गं. माझंच हॉस्पिटल. नर्स माझ्याच हाताखाली शिकलेली. काचेपलीकडे रडत होती बिचारी, पण नियम म्हणजे नियम. मी नुसती ठोठावत राहिले."

बस आली. त्या चढल्या.

तर वाचकहो, हळहळून पान उलटू नका. येत्या रविवारी किल्ल्यावर या. बेलफास्टवाल्यांना ट्रेन आहे. इंग्लंडातल्या लीड्स-ब्रॅकनेलवाल्यांनो, विमान तासाभराचं आहे. खिडकीत मीच असेन. भुताच्या खेळाचं तिकीट मागू नका, डॉक्टरबाईंची टूर मागा. मॅनेजर नाही म्हणाला तर तिथेच उभे राहा, आणि ते कुलूप निघेपर्यंत जागचे हलू नका.