खोक्यातल्या अकरा पिलांच्या बिछायतीची मोहीम

ज्या घरची कोंबडी मुंगसाने नेली आणि मागे एका दिवसाची अकरा पिले बेवारस राहिली, त्या घरची ही हकीकत. पुसणारे पुष्कळ, ठाऊक थोडक्यांस, आणि धाकट्या जाऊबाई भलतेच सांगत फिरतात, म्हणोन खरे ते लिहोन ठेविले असे.

पिलांस आई नाही, म्हणोन ऊब नाही. मग घरातील थोरल्या या नात्याने आम्ही हुकूम केला, आणि फ्रिजचे रिकामे खोके मधल्या खोलीत दाखल जाहले, आणि वर पिवळा दिवा टांगिला, आणि पाण्याचे बशीत कोणी बुडो नये म्हणोन खडे घातले. राहिली बिछायत. चिरंजीव छापखान्याचे मालक. त्यांचेकडे रंग सरकलेल्या कॅलेंडरांचे चकचकीत कागद ढिगाने पडलेले. तो कागद पुसला की लख्ख, आणि आमचे घरी लख्ख नाही ते चालत नाही. सबब तोच अंथरावा ऐसे ठरले. तेव्हां सूनबाईंनी अर्ज गुजारिला, “आई, कागद गुळगुळीत आहे, पिलांचे पाय घसरतील.” त्यावर आमचे फर्मान सुटले, “कागद आपल्या छापखान्याचा आहे, तुझ्या माहेरचा नाही. अंथर.” सूनबाईंनी अंथरला.

दुसरे दिवशी फौज दाण्यावर चालोन गेली आणि कागदावरच लोळली. दहा पिले पडत उठत सावरली. अकरावे सर्वांत लहान. त्याचे पाय कंपासासारखे दोहीकडे फाकले ते मिळेनात. बशी वीतभर दूर, आणि ती वीत त्यास मुलूखभर जाहली. आम्ही बोटाने चोचीस पाणी लाविले, ते प्याले, आणि आमचेकडे पाहात राहिले. चूक कोणाची याची चौकशी जाहली नाही, कारण चौकशी करणाऱ्या आम्हीच होतो.

मग चिरंजीव कुमकेस निघाले आणि शेजारचे सुताराकडोन भुशाचे पोते खांद्यावर घेवोन मोठ्या डौलाने परतले. भुसा पिठासारखा बारीक. पिलांनी तो दाणा समजोन टिपिला, आणि शिंका सुरू जाहल्या. सूनबाईंनी एकाचा गळा चाचपिला, तो गच्च.

“अहो, भुसा खातायत ही! काढा आधी!”

“सुतारानं दिलं ते आणलं.”

“तुम्ही मागितलं काय?”

“भुसा.”

“मग तो काय पेढे देणार?”

येथे चिरंजीवांची शिकस्त जाहली. सूनबाई जातीने सुताराकडे गेल्या आणि रंध्याखालचे जाड, कोरडे छिलके आणिले, आणि खोके धुवोन, सुकवोन, चार बोटे थर दिला, आणि दाणा कोणता नि छिलका कोणता हे पिलांस उमजेतो वर जुना खरखरीत टॉवेल अंथरिला. टॉवेल आमचा. विचारिले नाही. मग सूनबाईंनी दंडक घातला की ओले दिसेल ते तत्काळ उचलावे, वास येईतो थांबो नये. पिले दिव्याखाली चिकटोन बसली तर दिवा खाली घ्यावा, कोपऱ्यांस पळाली तर वर. विष्ठेने ढुंगण चिकटेल त्यास कोमट पाण्याचा बोळा. आणि लंगड्याचे दोन्ही पाय सरळ धरोन, मध्ये बोटभर अंतर राखोन, चिकटपट्टीची बेडी घातली.

तीन दिवस बेडी राहिली. चिरंजीव छापखाना टाकोन चष्मा शोधण्याचे निमित्ताने चार वेळा येवोन गेले. चष्मा नाकावरच होता.

चौथे दिवशी सकाळी टॉवेल काढिला आणि बेडी उतरविली. पिलू पडले. मग छिलक्यांत नखे रोवोन उठले, आणि एक पाऊल, मग दुसरे, ऐसे करीत वीतभर मुलूख तुडवोन बशीस गेले आणि आपले चोचीने पाणी प्याले. अकराचे अकरा कायम.

सबब भर घरात, जाऊबाईंचे समक्ष, आम्ही जाहीर केले की बिछायतीचा निवाडा सूनबाईंचाच खरा, आणि खोक्याचा कारभार आजपासोन त्यांचे हाती. सूनबाईंनी आभार मानिले नाहीत. पहिला हुकूम काढिला, “आई, पिलांना हात लावायच्या आधी साबणानं धुवायचे. तुम्हीसुद्धा.”

या घरी आम्हांस कोणी ऐसे बोलल्याची नोंद नाही. आम्ही उठलो, मोरीत गेलो आणि हात धुतले.

येणेप्रमाणे फत्ते जाहली.