घाटात अडकलेले धाकटे जावई

घाटात गाडी चालवणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ! हे मीच सांगतोय म्हणून हसू नका. दुसरं कुणी सांगत नाही, त्याला माझा काय इलाज? सासूबाई तर मुळीच सांगत नाहीत. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांच्या तोंडी कौतुक एकाचंच. "आमचे थोरले जावई..." अशी सुरुवात झाली की मी गुपचूप उठून पाणी प्यायला जातो. एकदा, फक्त एकदा, त्यांनी मला चांगलं म्हणावं, एवढंच माझं मागणं!

थोरले जावई म्हणजे माझा साडू. त्याने मोटारीला मागे जोडून न्यायची कॅरॅव्हॅन घेतली होती. आत पलंग, ओटा, खिडक्यांना पडदे, सगळा संसार! सासूबाईंना त्यातून डोंगरमाथ्यावर राहायला जायचं होतं आणि ऐन वेळी साडूची कंबर धरली. म्हटलं, हीच ती वेळ!

"आई, मी नेतो तुम्हाला!"

"तुम्ही?" सासूबाई म्हणाल्या. त्या एका शब्दात माझं सगळं प्रगतिपुस्तक होतं.

साडूने पडल्या पडल्या फोनवरून बजावलं, "मागे घेताना स्टिअरिंग उलटं फिरवायचं बरं का! आणि चालत्या गाडीत आत कुणाला बसवू नकोस."

"अरे, कळतं मला!" मी म्हणालो.

पहिली सूचना मी विसरलो. दुसरी सासूबाईंनी उडवून लावली. "मोटारीत माझे पाय अवघडतात. मी पलंगावरच बसणार," असं म्हणून त्यांनी आतून कडी घातली. उन्हाचा त्रास नको म्हणून पडदेही ओढून घेतले. आता बोला!

पहिली काही वळणं मी अशी घेतली की बायकोसुद्धा गप्प बसली. मी शीळ घालायला लागलो. आणि नेमक्या सगळ्यात अरुंद वळणावर समोरून आली बस! तिच्या मागे गाड्यांची रांग. म्हणजे मागे सरकायचं आमच्याच नशिबी. थोडं खाली रस्ता रुंद होता, तिथपर्यंत.

"तू उतर आणि मागून सांग," मी बायकोला म्हटलं, "आपलं नेहमीसारखं."

आमचं नेहमीचं म्हणजे असं. आमच्या गल्लीत गाडी लावताना ओरडलं की शेजारी खिडकीत येतात. म्हणून ती मागे उभी राहून गाडीवर थापा मारते. दोन थापा म्हणजे ये, एक थाप म्हणजे थांब. आजवर कधी चूक झालेली नाही!

मी गाडी मागे घ्यायला लागलो. आरशात बायको दिसेना, नुसती कॅरॅव्हॅन.

ठक ठक! घेतली मागे.

ठक! थांबलो.

ठक ठक! घेतली. मी स्टिअरिंग डावीकडे फिरवलं तर कॅरॅव्हॅन निघाली उजवीकडे! उजवीकडे फिरवावं तर तिचं तोंड भलतीकडेच!

ठक ठक ठक!

तीन? तीनचं तर आमचं काहीच ठरलं नव्हतं! मी म्हटलं, दोनाला ये, तर तिनाला जोरात ये. दिला पाय!

"अहो! अहो, थांबा!" बायको लाल होऊन धावत पुढे आली. "कधीची घसा फोडून ओरडतेय मी! मागचं चाक वीतभर राहिलंय कडेपासून!"

"मग ठोकत कशाला होतीस?"

"मी? इथे कुठले आलेत शेजारी, म्हणून ओरडत होते. मी हात तरी लावलाय का गाडीला?"

तेवढ्यात आतून सासूबाईंचा आवाज आला. "कसले हिसके देताय? मी अक्रोड फोडतेय इथे! बत्ता बोटावर बसेल माझ्या!"

मी खाली उतरून मागे पाहिलं, तर काय! कॅरॅव्हॅन रस्त्यावर आडवी. पलीकडे दरी. आणि आत सासूबाई, अक्रोडांसकट!

"आई, बाहेर या!"

"कडी अडकलीय. आणि मला काही झालेलं नाही. तुम्ही गाडी चालवा!"

बसचा ड्रायव्हर दात कोरत खाली आला. त्याने सगळं नीट पाहिलं.

"आत कोण आहे?"

"सासूबाई."

"मग एकदा विचार करून सांगा, साहेब. सोडवायची ना?"

"अहो, चेष्टा कसली करताय!" मी अक्षरशः रडवेला झालो. त्याने हात पुढे केला, मी किल्ली दिली. आणि त्या माणसाने, एका हाताने, जरा पुढे, जरा मागे, अशी ती कॅरॅव्हॅन रुंद जागेत नेऊन लावली की काय सांगू! बसमधल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"श्शू! टाळ्या नको!" मी हात जोडले. "आत ऐकू जाईल!"

माथ्यावर पोहोचलो. स्क्रूड्रायव्हरने कडी उघडली. सासूबाई सोललेल्या अक्रोडांची वाटी घेऊन उतरल्या.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "सुरुवातीला जरा हिसके दिलेत. पण नंतर मागे काय अलगद घेतलीत! एक अक्रोड हलला नाही वाटीतला! थोरल्यांना नाही हो असं जमत!"

थोरल्यांना नाही जमत! मी डोळे मिटून घेतले. बायकोने तोंड उघडलं होतं, मी तिच्या पायावर पाय दिला. 'आई, तो मी नव्हतो' असं म्हणायला हवं होतं, कबूल आहे. पण माझ्या तोंडून निघालं, "त्यात काय विशेष, आई!"

"विशेष कसं नाही? मी आत्ताच थोरल्यांना फोन केला. म्हटलं, कंबर धरून घरी कसले पडता, टॅक्सी करून सगळे इकडे या. परत जाताना त्याच वळणावर धाकटे जावई तुम्हाला मागे घेऊन दाखवतील!"

सासूबाई अक्रोड वाटायला लागल्या. मी मात्र सरळ बसथांब्यावर गेलो आणि खिडकीतल्या माणसाला विचारलं, "ती मघाची बस उद्या खाली किती वाजता जाते हो? आणि ड्रायव्हर... तोच असतो ना?"