पाणी कोण घालणार?

आमच्या शेजारच्या आबांकडं तुम्ही भर उन्हाळ्यात, घशाला कोरड पडलेली असताना गेलात, तरी पाणी मिळायचं अर्धा पेला. कंजूषपणा नव्हे हो. "लागलं तर आणिक घ्या, उरलं तर हिकडं द्या," असं सांगूनच ते पेला हातात द्यायचे. तुम्ही पेला खाली टेकवायचा अवकाश, की तो उचलून अंगणाच्या कडेला जायचे आणि तळाचं घोटभर पाणी करंजाच्या रोपाला घालून यायचे. एकदा नवीन तलाठी आले होते. त्या बिचाऱ्यांनी नुसता श्वास घ्यायला म्हणून पेला खाली ठेवला. परत हात पुढं करतात तो पेला अंगणात! आबा तिकडून म्हणाले, "उष्टं झाडाला चालतं, सायेब. माणसाला चालत न्हाई."

गेल्या वर्षी आबा गेले. तेव्हापासून आमच्या ग्रामसभेला काही चवच राहिली नाही. आता विषय मोबाईलवर येतात, लोक अंगठा दाखवतात, की झाली सभा. आबांच्या वेळची सभा म्हणजे चावडीपुढची चिंच, खाली सतरंजी, फरसाणाचा वास आणि तासाभरात दोन भांडणं. मला त्या भांडणांचीसुद्धा आठवण येते.

आमचं गाव भीमेच्या काठाला. अल्याड शिरूर तालुका, पल्याड दौंड. त्यामुळं आमचा कागद शिरूरला आणि सोयरीक दौंडला. आबा पूर्वी इथले सरपंच होते. मी लग्न होऊन आले तेव्हा ते माजी झालेले. माजी माणसाला गावात काम नसतं, पण सभेत पहिली खुर्ची असते. त्या खुर्चीवरून कुठल्याही विषयावर आबा उठायचे, उपरणं सावरायचे आणि म्हणायचे, "समदं झ्याक हाय. पर पाणी कोण घालणार?"

कुठल्याही म्हणजे कुठल्याही. गावात कॅमेरे बसवायचे ठरले. आबा उठले, "पर पाणी कोण घालणार?" सरपंच नितीनदादा तरणाताठा माणूस, हसून म्हणाला, "आबा, कॅमेऱ्याला पाणी घातलं तर जळंल की ओ!" सभा खो खो हसली. पुढच्या दिवाळीपर्यंत बहुतेक कॅमेऱ्यांत गांधीलमाश्यांनी घर केलं, आणि जो एक चालू होता त्याचं तोंड कुणीतरी आपल्या गोठ्याकडं वळवून घेतलं, बिबट्या येतो का बघायला. देवळामागं व्यायामाची लोखंडी यंत्रं आली, तेव्हाही हाच प्रश्न. त्या यंत्रांवर आता बायका गोधड्या वाळत घालतात. मीपण घालते, खोटं कशाला बोलू?

माझ्या नणंदेच्या बैठकीत तर कमाल केली. मुलगा पसंत, मुलगी पसंत, सुपारी फुटायची वेळ. आबा म्हणाले, "जोडा झ्याक हाय. पर म्होरं पाणी कोण घालणार?" दौंडकडचे व्याही गडबडले. म्हणाले, "आमच्याकडं बोअर हाय, आबा. बारमाही पाणी." आमच्या सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

वृक्षारोपणाला तर त्यांना बोलवायलाच लोक घाबरायचे. तालुक्याचे साहेब येत, रोप हातात धरत, फोटो काढत. टाळ्या वाजत. आबा हाताची घडी घालून उभे. "सायेब, परत कवा येणार?" साहेब म्हणत, "पुढच्या वर्षी येतो ना." "म्हंजी ह्याच खड्ड्यात," आबा म्हणत आणि चालू लागत.

पण मी सून म्हणून आले तेव्हाचे आबा असे नव्हते. तेव्हाचे आबा टाळ्या घेणारे होते. ते सरपंच असताना फाट्यापासून वेशीपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना त्यांनी झाडं लावली होती. लिंब, चिंच, करंज. ती जगली. त्याबद्दल जिल्ह्याच्या गावी स्टेजवर शाल, नारळ आणि बक्षीस मिळालं. तो फोटो अजून पंचायतीत आहे; आबांचा फेटा फोटोत मावलेला नाही. तेव्हापासून आबांची एकच ऐट, "माझ्या हाताला गुण हाय. म्या लावल्यालं झाड मरत न्हाई." नदीपल्याडच्या गावांतूनसुद्धा त्यांना पहिलं रोप लावायला बोलावणं यायचं. दर पावसाळ्यात गावच्या रस्त्याला मोकळ्या जागी पंचायत नवी रोपं आणायची, आबा हात लावायचे, आणि उन्हाळ्यानंतरही ती हिरवीगार.

आता त्या गुणाचं खरं सांगते. तो गुण पारूकाकींच्या कमरेत होता.

पारूकाकी म्हणजे आबांच्या मंडळी. बुटकी, शांत बाई. रोज सकाळी रानात जाताना हापशावरनं कळशी भरायची, वाटेतल्या रोपांना घालायची, परत मागं यायची, परत भरायची. शेळीनं एखादं खाल्लं तर आठवड्याच्या आत त्या जागी दुसरं लावायची. पुढं उसात बिबट्या आला, तरी कमरेला कळशी, हातात काठी आणि मोबाईलवर मोठ्यानं भजन लावून काकी रस्त्याला. गावातल्या झाडून सगळ्या बायकांना हे माहीत होतं. पुरुषांना माहीत नव्हतं, कारण ती वेळ त्यांच्या पहिल्या चहाची. मी एकदा म्हणलं, "काकी, आबांना सांगा की, पंचायतीचा माणूस लावतील." तर म्हणाल्या, "नगं गं, मंगल. त्येंचं नाव हाय त्या झाडांवर. वाळली तर लोक त्येंना हसत्याल."

काकी गेल्या त्या उन्हाळ्यात आबांच्या हाताचा गुण गेला. नवी रोपं एकामागून एक माना टाकायला लागली. आबांनी आधी रोपवाटिकेच्या मालकाला शिव्या घातल्या. मग माती बदलली. मग तणतणत पंचायतीत गेले आणि ग्रामसेवकाला, म्हणजे आमच्या भाऊसाहेबांना म्हणाले, "पाणी घालणारा माणूस बदलला काय रं? पयला लई चांगला होता." भाऊसाहेब म्हणाले, "कुठला माणूस, आबा? तसा माणूस पंचायतीत कधीच नव्हता."

तिथून ते सरळ माझ्या दारात आले. मी ज्वारी निवडत होते. "मंगल, आपल्या झाडास्नी पाणी कोण घालत हुतं?" मी सूप खाली ठेवलं आणि सांगितलं. मी पाणी दिलं ते आबा प्यायले नाहीत. उठले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या जुन्या मोपेडला दोन्हीकडं तेलाचे डबे लटकलेले मी पाहिले. डब्यांत पाणी. अर्ध्या पेल्याचं आणि त्या प्रश्नाचं सगळं खूळ तिथनं सुरू झालं. लोक म्हणाले, बायको गेली आणि म्हातारा फिरला. मी ऐकून घेतलं. त्यांनीच सांगितलं नव्हतं तर मी कशाला सांगू?

पुढं आमच्या वॉर्डात महिला राखीव जागा निघाली आणि मी निवडून आले. हार अर्थातच आमच्या मालकांच्या गळ्यात, गुलालही त्यांच्याच डोक्यावर. मिरवणूक आबांच्या दारावरनं चालली होती, तर म्हातारा आडवा आला. "निवडून कोण आलंय? काढ तो हार. काम जिचं, हार तिचा." मालकांनी हार काढून माझ्या गळ्यात घातला. अजून त्या दिवसाचं नाव काढलं की गुरगुरतात.

मी सदस्य झाल्यावर दुसऱ्याच उन्हाळ्याच्या तोंडाला आबा डब्यांसकट मोपेडवरनं पडले. गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले, आता वजन उचलायचं नाव काढायचं नाही. आदल्या पावसाळ्यात लावलेली सगळी रोपं रस्त्याला उभी, कमरेएवढीसुद्धा नाहीत. आबा काठी टेकत माझ्याकडं आले. "मंगल, पंचायतीच्या आराखड्यात एका माणसाचा रोज धर. उन्हाळ्यापुरता. न्हाईतर गेली ही रोपं." पर्यावरणाच्या नावानं पंचायतीला पैसे आले होते खरे, पण नितीनदादाच्या डोक्यात वेगळंच होतं. वेशीवर कमान. आणि कमान कशी, तर सिमेंटची दोन झाडं, वर सिमेंटच्या फांद्या, हिरवा रंग, मधे गावाचं नाव. पोरांना फोटो काढायला.

आमच्याकडं महिला ग्रामसभा म्हणजे शिपाई घरोघरी रजिस्टर घेऊन यायचा आणि आपण चुलीपुढनं उठून सही करायची. की झाली सभा. त्या खेपेला मी बचत गटाच्या बायकांना म्हणलं, सही दारात करायची नाही, पंचायतीत जाऊन करायची. आणि सही करून घरी जायचं नाही, मोठ्या सभेलाही बसायचं. बायका इतक्या आल्या की सतरंजी पुरेना. भाऊसाहेब घाबरून म्हणाले, "ताई, काही मोर्चा आहे का?"

सभेत नितीनदादानं कमानीचं रंगीत चित्र दाखवलं. आबा काठीवर भार टाकून उठले. तोंड उघडणार तेवढ्यात नितीनदादाच म्हणाला, "आबा, ही सिमेंटची झाडं हायेत. पाणी कोण घालणार हा प्रश्नच मिटला!"

काय हसली सभा! खोटं नाही, मलाही हसू आलं. पण आबा उभेच राहिले. तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाले आणि खाली बसले. इतक्या वर्षांत आबा तो प्रश्न न विचारता खाली बसलेले कुणी पाहिले नव्हते. हसू हळूहळू बंद पडलं. मला इतका राग आला, की मी उठून म्हणलं, "आबा, बोला तुम्ही. आम्ही काय कमान बघायला नाही आलो."

आबा परत उठले. ह्या वेळी उपरणं सावरलं नाही.

"पंचायतीत माझा फोटो हाय," ते म्हणाले. "झाडांचं बक्षीस घेताना. त्या झाडास्नी म्या एक तांब्या पाणी घातल्यालं न्हाई. माझ्या घरातनं कळशी जात हुती आन् म्या चहा पीत हुतो. ती मेल्यावर झाडं वाळली तवा मला कळलं. म्या गावभर सांगत हिंडलो, माझ्या हाताला गुण हाय." मग म्हणाले, "तिला एक दिस म्हणलो न्हाई, की दमलीस का."

पुरुष मंडळी खाली बघायला लागली. बायकांतल्या कुणीतरी पदर डोळ्याला लावला. मीही रडले, त्यात लपवायचं काय?

नितीनदादा वाईट माणूस नाही. त्यानं ते रंगीत चित्र गुंडाळून काखेत घेतलं आणि म्हणाला, "भाऊसाहेब, कमान राहू द्या. पाण्याचा रोज घाला."

"बाईला द्या काम," आबा म्हणाले. "आन् पैशे तिच्या हातात द्या, नवऱ्याच्या न्हाई."

बायकांनी एकदम हात वर केले. भाऊसाहेबांनी ठराव लिहायला घेतला. ठरावाला एक मांडणारा लागतो, एक पाठिंबा देणारा. "अनुमोदक?" मी माझं नाव सांगितलं. "सूचक?" भाऊसाहेबांनी आबांकडं पाहिलं.

"पार्वती," आबा म्हणाले.

आमच्याकडं त्या वयाची माणसं बायकोचं नाव घेत नाहीत. उभ्या जन्मात काकी त्यांच्या तोंडी "ऐकलं का" आणि "अगं ए" होत्या. भाऊसाहेब पेन तसंच धरून बसले. मग हळू आवाजात म्हणाले, "आबा, मयत व्यक्तीचं नाव सूचक म्हणून लिहिता येत नाही. वरून आक्षेप येतो."

आबांनी मान हलवली. कायदा त्यांना ठाऊक होता. "बरं. मग लिवायला माझं लिवा. पर वाचताना तिचं वाचा."

पुढच्या सभेला, रिवाजाप्रमाणे, भाऊसाहेब मागच्या सभेचं इतिवृत्त वाचायला उठले. एरवी ह्या वेळी कुणी ऐकत नाही; लोक चपला काढतात, तंबाखू मळतात. त्या दिवशी चावडीपुढं कुणी हललं नाही. पाण्याचा ठराव आला. भाऊसाहेबांनी कागदाकडं पाहिलं, चष्मा काढला आणि न बघता म्हणाले, "सूचक, पार्वतीबाई. अनुमोदक, मंगलताई. सर्वांना मंजूर आहे का?"

"मंजूर!" सगळी सभा एकदम म्हणाली, नितीनदादा सगळ्यांत मोठ्यानं.

भाऊसाहेब पुढच्या विषयाला लागले. दोन-तीन ओळी वाचून झाल्या असतील, तेवढ्यात पहिल्या खुर्चीपाशी काठी वाजली. आबा उठून उभे राहिले होते. सगळी सभा त्यांच्याकडं बघायला लागली. त्यांनी हात वर केला आणि सगळ्यांचं म्हणून झाल्यावर, एकट्यानं, म्हणाले, "मंजूर."